खुर्चीतल्या व्यायामाने आईचं विसरणं थांबेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ज्येष्ठांचा व्यायामवर्ग घेते म्हटलं की मुलं, सुना, जावई हेच विचारतात: ‘बसल्या बसल्या हात वर-खाली केल्याने आईच्या विसरण्यात काय फरक पडणार? त्यापेक्षा शब्दकोडी सोडवू दे की तिला.’ आई एकच गोष्ट दिवसातून चारदा विचारायला लागली की घरात जी धास्ती बसते, ती मला या प्रश्नात ऐकू येते. म्हणून वेळ घेऊन उत्तर देते.

शब्दकोडी जरूर सोडवावीत, पण व्यायामाच्या बदल्यात नको. 2011 साली अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. 55 ते 80 वयाचे 120 जण. निम्मे आठवड्यातून तीन दिवस 40 मिनिटं चालले, निम्म्यांनी नुसतं स्ट्रेचिंग वगैरे केलं. वर्षाने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणी साठवायला लागणारा मेंदूचा भाग, सुमारे 2 टक्क्यांनी वाढला होता. दुसऱ्या गटाचा 1.4 टक्क्यांनी घटला. त्यानंतर जो तो ‘भरभर चाला’ सांगू लागला आणि गुडघे धरलेल्या माणसांना वाटलं, आपलं काही खरं नाही.

त्यांच्यासाठी मी ‘एक्झर्ट’ नावाच्या चाचणीबद्दल सांगते. तीही अमेरिकेतलीच. स्मरणशक्ती थोडी उतरू लागलेले, फारसं न हलणारे 296 ज्येष्ठ. एका गटाने दम लागेल असा व्यायाम केला, दुसऱ्याने स्ट्रेचिंग आणि तोल सांभाळण्याचे हलके प्रकार. वर्ष सरलं तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता, आणि दोन्हींपैकी कुणाचीच विचारशक्ती घसरली नव्हती. व्यायाम न करणारा गट त्यात नव्हता हे खरं. पण दुसऱ्या एका अभ्यासातल्या तशाच लोकांशी ताडून पाहिलं, तर ते मात्र घसरले होते. कपडे करून घराबाहेर पडायचं, ठरल्या वेळी पोचायचं, शिकवणाऱ्याशी आणि बाकीच्यांशी बोलायचं, याचाही यात वाटा असणार. माझ्या वर्गात मी तेच बघते, म्हणून घरी व्हिडिओ लावून देण्यापेक्षा वर्गाला आणा, असा माझा आग्रह असतो.

शिवाय तोल सांभाळणं हे डोक्याचंच काम आहे. 1997 मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी वृद्धांशी चालता चालता गप्पा मारल्या. बोलण्यासाठी जे थांबले, त्यांच्यातले बहुतेक पुढच्या सहा महिन्यांत पडले. आमच्याकडे म्हणून जागच्या जागी पावलं टाकत ‘क’वरून गावांची नावं घ्यायची असतात. कराड, कोल्हापूर, कणकवली सहज येतात. चौथ्याला गुडघा अर्धवट उचललेला तसाच राहतो, हात खुर्चीची पाठ घट्ट धरतो, ओठ पुटपुटतात, आणि ‘कुडाळ!’ म्हटल्यावर पाऊल खाली येतं. काही आठवड्यांनी नाव शोधतानाही पाऊल चालू राहतं. मला याचा फार आनंद होतो.

आता न आवडणारा भाग. डिमेन्शियाचं निदान झालेल्यांवर ब्रिटनमध्ये 494 जणांची चाचणी झाली, 2018 साली निष्कर्ष आले. चार महिने चांगला जोरकस व्यायाम करूनही त्यांची विचारशक्ती सुधारली नाही, शरीर तेवढं तंदुरुस्त झालं. तेव्हा ‘बाबा, व्यायाम केला असतात तर ही वेळ आली नसती’ असं कृपा करून बोलू नका. ते खरं असेलच असं नाही, आणि त्यांना फार लागतं.

विसरणं हल्लीच वाढलं असेल तर वर्गाच्या आधी डॉक्टरांकडे न्या. बी-12, थायरॉइड, ऐकू येणं, रात्रीच्या झोपेच्या गोळ्या, सगळं बघून घ्या. पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेल्या आपल्याकडच्या घरांत बी-12 कमी असणं नेहमीचं आहे. उठताना चक्कर येत असेल तर तेही सांगा. मग आणा. येताना त्यांचा चष्मा, ऐकण्याचं यंत्र आणि मागे पट्टा असलेली चप्पल विसरू नका, आणि पहिले काही दिवस तुम्हीही शेजारच्या खुर्चीत बसा.