आप्पांचा ओटीपी

27 मार्चला दुपारी साडेबाराच्या सुमारास एका संस्थेच्या कार्यालयात एक ओटीपी हवा होता, आणि तो ज्यांच्या नंबरवर येत होता ते कोषाध्यक्ष आप्पा सव्वा वर्षापूर्वी वारले होते. त्या दिवशी मी जे सांगितलं ते बरोबर होतं का, हे मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

संस्था सातपुड्याच्या पायथ्याशी, शहाद्याच्या पलीकडे. कुपोषित मुलं आणि गरोदर बाया यांच्यासाठी पाड्यांवर काम. 14 आरोग्यमैत्रिणी, वर आठ कार्यालयीन आणि देखरेखीची माणसं. नाव सांगत नाही. धुळे, नंदुरबार, जळगावातल्या लहान संस्थांचे कागद मार्गी लावणं हा माझा धंदा, त्यामुळे मार्चअखेर म्हणजे रोज एक संस्था. त्या दिवशी सकाळी तिथल्या हिशेबनीस ताईंचा फोन आला: भाऊंच्या छातीत दुखायला लागलं म्हणून रात्रीच सुरतला नेलंय. भाऊ म्हणजे संस्थापक सचिव. मी पोचलो तोवर अँजिओप्लास्टी झाली होती, जिवाला धोका नव्हता. मग प्रश्न पैशाचा उरला.

एका कंपनीच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारी) निधीचा त्या वर्षाचा शेवटचा हप्ता 19 मार्चला खात्यात आला होता. तोवर फेब्रुवारीचं मानधन थकलेलं. 22 जणांचे 2,28,000 रुपये. पाड्यांवरची होळी उधारीवर झालेली. सातपुड्यात होळी उधारीवर करणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला सांगून कळत नाही. पेटीत रोकड 3,840. पैसे खात्यात, पण भाऊ आयसीयूत.

मी पाठकोऱ्या कागदावर तीन रकाने आखले: सही कोणाची, मोबाईल कोणाचा, माहिती कोणाच्या डोक्यात. कुठल्याही संस्थेत मी पहिल्यांदा हेच करतो. उद्दिष्टं, व्हिजन, वार्षिक अहवालातले फोटो नंतर. खाली एकेक काम लिहीत गेलो: बँक, आयकराचं ई-फायलिंग लॉगिन, डिजिटल सहीचा टोकन, कंपनी मंत्रालयाकडचा सीएसआर-1 नोंदणी क्रमांक, देणगीदारांची यादी (कारण देणग्यांचं 10बीडी विवरणपत्र 31 मेपर्यंत भरावं लागतं), सातूच्या पिठाचा पुरवठादार, गोदामाची किल्ली, गाडीचा विमा, कुठल्या पाड्यावर कोणाला काय शब्द दिलाय. 19 कामं निघाली. 17 कामांपुढे तिन्ही रकान्यांत भाऊच. उरलेली दोन ताईंची, म्हणजे किरकोळ खर्चाची वही आणि हजेरीपट. ताई कागदाकडे बघून अहिराणीत म्हणाल्या, "बठ्ठं भाऊना डोकामा से." सगळं भाऊंच्या डोक्यात आहे. एरवी त्या माझ्याशी प्रमाण मराठीत बोलतात.

भाऊ चोर नाहीत, हे इथेच सांगतो. पुढे मी दोन दिवस बसून सगळी व्हाउचरं तपासली, एक रुपया इकडचा तिकडे नव्हता. चोराची संस्था सुधारणं सोपं असतं, माणूस बदलला की झालं. प्रामाणिक माणसाने एकट्याच्या खांद्यावर उभी केलेली संस्था सोडवायला घ्या, म्हणजे कळतं. कोणी बोट दाखवायला धजत नाही.

बँक खात्यावर दोन सह्या: सचिव आणि कोषाध्यक्ष. नेट बँकिंगमध्ये एक जण रक्कम भरतो आणि दुसरा ती मंजूर करतो, त्याला मेकर-चेकर म्हणतात. मेकर भाऊ, चेकर आप्पा. मी विचारलं, मग सव्वा वर्ष मंजुरी कोण देत होतं? ताई गप्प. मग म्हणाल्या, आप्पांचं सिम भाऊंच्या मोबाईलच्या दुसऱ्या खाचेत आहे.

बँकेला मृत्यू कळवला तर खातं अडेल, नवीन सहीसाठी धर्मादाय कार्यालयाचा कागद लागेल, आणि तो यायला किती दिवस लागतील कोणाला माहीत, या भीतीपोटी हे झालेलं. भीती अगदीच खोटी नाही. कायदा असा: विश्वस्त वारला, राजीनामा दिला, नवीन आला, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्याच्या कलम 22 प्रमाणे 90 दिवसांत बदल अर्ज द्यायचा. त्याला मृत्यूचा दाखला, सभेची नोटीस आणि ती पोचल्याचा पुरावा, ठरावाची नक्कल, नव्या विश्वस्ताचं संमतिपत्र, ओळखपत्र जोडायचं. 90 दिवस उलटले की विलंबमाफीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, सबळ कारण. मंजुरी मिळून परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीत, नाव चढेपर्यंत काही संस्थांची वर्षं गेलेली मी पाहिली आहेत. मधल्या काळात बँका सहसा दाखल केलेल्या अर्जाची पोच आणि ठराव बघून सही बदलून देतात, पण अर्ज दाखलच नसेल तर बँक मॅनेजर तरी कशावर विसंबणार? भाऊंनी अर्ज दिलाच नव्हता. उद्या करू, परवा करू.

आणि दुसरं कारण, ज्यावर मला राग येतो. कंपन्या सांगतात, प्रशासकीय खर्च 5 टक्क्यांच्या वर देता येत नाही, नियम आहे. नियम आहे, पण तो कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या सर्वसाधारण कारभारावर किती खर्च करावा याचा. काम करणाऱ्या संस्थेच्या प्रशासकीय खर्चाला तो लागू नाही, आणि कंपनी मंत्रालयाने 2021 च्या ऑगस्टमधल्या खुलाशात तेच सांगितलंय. तरी ही कात्री संस्थेच्या बजेटवर चालते. मग पूर्णवेळ लेखापाल नाही, कार्यक्रम व्यवस्थापक नाही, आणि रात्री अकरा वाजता व्हाउचर चिकटवणारा संस्थापक तयार होतो. नंतर तीच कंपनी पुण्याच्या हॉटेलात त्याला 'दुसरी फळी कशी घडवावी' यावर दोन दिवसांचं प्रशिक्षण देते, तक्तेकागद आणि स्केचपेनांसह.

अध्यक्ष गुरुजी तोवर आले. निवृत्त मुख्याध्यापक, वय 74. त्यांनी सरळ तोडगा काढला: वहिनी दवाखान्यात आहेत, मोबाईल त्यांच्या पिशवीत आहे, ओटीपी आला की त्या वाचून दाखवतील, पाच मिनिटांत मानधन जाईल. "पैसा संस्थेचा, जातोय संस्थेच्याच माणसांना. यात पाप कुठे आलं?"

मी म्हटलं, आधी मागच्या वेळचा बँकेचा ठराव बघू. प्रोसिडिंग बुक काढलं. मागच्या 14 ऑगस्टच्या कार्यकारिणीच्या इतिवृत्तात उपस्थितांमध्ये तिसरं नाव आप्पांचं. ऑडिट रिपोर्टला मंजुरी देणाऱ्या ठरावाचे अनुमोदकही आप्पाच, पुढे 'सही/-'. म्हणजे आप्पा डिसेंबरात वारले आणि पुढच्या ऑगस्टमध्ये सभेला येऊन अनुमोदन देऊन गेले. आदल्या वर्षीचं इतिवृत्त समोर ठेवून तारीख आणि आकडे तेवढे बदललेले, नावं तशीच राहिलेली. निम्म्या संस्थांची इतिवृत्तं अशीच लिहिली जातात, सभा चहावर होते आणि कागद महिन्याने होतो. गुरुजींनी चष्मा काढून ते पान पुन्हा वाचलं. खाली अध्यक्ष म्हणून त्यांची सही होती. न वाचता केलेली.

हे पान फाडून नवीन लिहू, असं कोणीतरी म्हणालं. नाही. एकदा सही झालेलं पान फाडायचं नाही, पांढरं करायचं नाही, वर खाडाखोड करायची नाही. पुढच्या सभेत स्वतंत्र विषय घ्यायचा, अमुक तारखेच्या इतिवृत्तात अमुक नाव चुकीने आलं असा ठराव करायचा, चुकीचं पान जागच्या जागी राहू द्यायचं. आणि ते नाव वगळून कोरम उरतो का, हे तपासायचं. त्यांच्या नियमावलीत सातांपैकी चार जणांचा कोरम होता. आप्पांना धरून पाच नावं होती, वगळून चार. थोडक्यात बचावले. एक जरी कमी असता तर ऑडिटची मंजुरीच लटकली असती.

ओटीपीला मी नको म्हटलं. कारण साधं होतं: आतापर्यंत जे झालं ते भाऊंनी एकट्याने, न सांगता केलं. आता केलं असतं तर गुरुजी, ताई, मी, तिघांच्या देखत, जाणूनबुजून झालं असतं. पुढच्या अर्ध्या तासात ताईंकडून बँकेला पत्र लिहवून घेतलं, सोबत मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि आप्पांच्या नावाचं नेट बँकिंग बंद करण्याची विनंती. कंपनीला त्याच दिवशी मेल. हा मेल गुरुजींना अजिबात नको होता, पुढचा हप्ता थांबेल म्हणून. हप्ता थांबला, बदल अर्जाची पोच येईपर्यंत. पण उरलेले पैसे परत गेले नाहीत. 31 मार्चच्या आत खर्च दाखवलाच पाहिजे, असं समजून लोक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात सतरंज्या आणि बॅनरची बिलं गोळा करतात. खरं तर प्रकल्प कंपनीने 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर केलेला असेल, तर शिल्लक रक्कम 30 एप्रिलपर्यंत वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरता येते. फक्त हे कंपनीला 31 मार्चच्या आत विचारावं लागतं. विचारायला संस्थेत भाऊंशिवाय कोणाकडे त्या अधिकाऱ्याचा नंबर नव्हता. ताईंनी तो जुन्या कुरियरच्या पाकिटावरून शोधला.

गुरुजी म्हणाले, मग मी माझ्या पेन्शनीतून दीड लाख घालतो, नंतर परत घेईन. तेही बसत नव्हतं. संस्थेच्या नावाने विश्वस्ताने कर्जाऊ रक्कम घ्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, कलम 36-अ. देणगी म्हणून खात्यात भरा म्हटलं तर ती भरता येते, काढता येत नाही. त्यावर ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते ती शाळेत इन्स्पेक्टरकडे बघायची नजर असावी.

तातडीची कार्यकारिणी सभा नियमावलीप्रमाणे तीन दिवसांच्या नोटिशीने 31 मार्चला झाली. 1 एप्रिलला बँकांचे व्यवहार ग्राहकांसाठी बंद, त्यामुळे कागद 2 तारखेला गेले. बदल अर्ज विलंबमाफीसह दाखल झाला, पोच बँकेत गेली. मानधन निघालं 22 एप्रिलला.

या 26 दिवसांत दोन आरोग्यमैत्रिणी काम सोडून गेल्या. एक गुजरातेत नवऱ्याकडे गेली, ती परत आलेली नाही. दुसरीने महिना दहा टक्के व्याजाने पैसे घेतल्याचं नंतर कळलं. आपल्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचा (वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या शेतगड्याचा) हिशेब चुकता करतात आणि मगच नव्या सालाची बोली होते. कोणी सालदाराला दोन महिने थकवलं तर गावात त्याच्याकडे दुसरा माणूस राहत नाही. आम्ही मात्र कायद्याने वागत होतो. गुरुजींनी त्या काळात 14 जणींना प्रत्येकी तीन हजार स्वतःच्या खिशातून दिले, कुठे लिहू नका म्हणाले. मी लिहिलं नाही. विचारलंही नाही.

जाता जाता, 'मानधन' म्हटल्याने सुटका होत नाही. 20 माणसं कामावर असली की भविष्य निर्वाह निधीचा प्रश्न येतोच, आणि इथे 22 होती. पण ते प्रकरण वेगळं, त्यावर भाऊ अजून माझ्याशी वाद घालतात.

मे महिन्यात भाऊ बसायला लागले तेव्हा नवी घडी बसवली. सह्या तीन जणांच्या, त्यातल्या कोणत्याही दोन. अट एवढीच की ते दोघे एका घरातले नकोत. नवरा-बायको सही करणारे असले की एक दवाखान्यात गेला तर दुसरा खाटेशेजारी असतो, हे या वेळी सगळ्यांनी पाहिलं. पाच हजारांपर्यंतचा खर्च पर्यवेक्षिका एकटी मंजूर करेल, 25 हजारांपर्यंत ती आणि ताई मिळून, त्यावर कार्यकारिणी. ईमेल आणि सिम संस्थेच्या नावाने. पासवर्ड सीलबंद पाकिटात, गुरुजींच्या लोखंडी कपाटात, दर सहा महिन्यांनी फोडून नवं. आणि महिन्यातून सलग पाच दिवस भाऊंनी कार्यालयात यायचं नाही, फोन घ्यायचा नाही. त्या पाच दिवसांत जे अडेल ते ताईंनी वहीत लिहायचं. पुढच्या महिन्यात तेवढंच काम दुसऱ्याला शिकवायचं, एका वेळी दोनपेक्षा जास्त नाही. सगळं एकदम सोपवलं की महिन्याभरात सगळं परत संस्थापकाकडे येतं.

पहिल्या पाच दिवसांत 11 नोंदी झाल्या. भाऊंनी त्यातल्या चार वेळा गाडीवरून कार्यालयासमोरून चक्कर मारली, तीही ताईंनी लिहिली.

सगळ्यात चांगलं बसलं ते पर्यवेक्षिकेचं. पावरा या आदिवासी समाजातली, दहावी झालेली, बैठकीत कधी तोंड न उघडणारी. सातूच्या पिठाचा पुरवठादार तिने पहिल्याच महिन्यात बदलला. आधीचा प्रत्येक पोत्यात दोन किलो कमी भरायचा. हे तिला तीन वर्षांपासून माहीत होतं. भाऊंना का नाही सांगितलं, विचारल्यावर म्हणाली, "त्यांनी कधी विचारलं नाही, दादा. ते नेहमी सांगायचे."

मागच्या महिन्यात गेलो होतो. तीन रकान्यांचा तक्ता आता भिंतीवर आहे, 19 पैकी 12 कामांपुढे दोन-दोन नावं आहेत. आप्पांचं सिम भाऊंनी त्यांच्या मुलाकडे नेऊन दिलं. बँकेचे एसएमएस मात्र अजून भाऊंच्याच मोबाईलवर येतात. नंबर बदलायचा फॉर्म ताईंनी भरून टेबलावर ठेवलाय, त्यावर भाऊंची सही राहिली आहे.