वाळूजच्या टूलरूममध्ये सेटरची चाचणी

टूलरूमला व्हीएमसी सेटर हवा होता, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवर जॉब बांधून शून्य लावणारा माणूस. उमेदवार सगळे आयटीआयचे, जालना-पैठण-गंगापूरकडचे. मी तोंडी प्रश्न बाजूला ठेवले, माइल्ड स्टीलचा ठोकळा दिला आणि चार एम-८ टॅप मारायला, म्हणजे भोकं पाडून त्यांत ८ मिमी बोल्टचे आटे कापायला सांगितले.

आधी डायल लावून व्हाइसचा (ठोकळा पकडणाऱ्या शिकंज्याचा) स्थिर जबडा सरळ करायचा, मग एज फाइंडरने, म्हणजे कड शोधणाऱ्या दांडीने, जी-५४ मध्ये (जॉबचं शून्य मशीनला सांगायच्या जागेत) शून्य घ्यायचं. ड्रिल ६.८ चा. पिच, म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, १.२५ मिमी, म्हणजे ४०० आरपीएमला फीड मिनिटाला ५०० मिमी. तो चुकला की टॅप तुटतो आणि मग तुटका तुकडा ठिणग्यांनी काढणाऱ्या स्पार्क मशीनकडे धाव.

बहुतेकांची भोकं ५ मिमी सरकली. एज फाइंडरचं टोक १० मिमीचं. ते कडेला टेकतं तेव्हा स्पिंडलचं केंद्र कडेच्या ५ मिमी बाहेर असतं. ही त्रिज्या धरायचीच राहिली. सूत्र सगळ्यांना पाठ होतं बरं का, हात मशीनला लागलेला नव्हता.

जालन्याच्या एका मुलीने डाव्या कडेला एक्स उणे ५ टाकलं, स्पिंडल शून्यावर आणून पट्टीने पडताळलं, ड्रिल आणि टॅपची लांबी वेगवेगळी घेतली आणि पहिला फेरा ५० मिमी वर, हवेत चालवला. वेळ जास्त लागला. सेटरला तो माफ. स्पिंडल ठोकला तर महिन्याचा नफा जातो. तिला घेतलं, आणखी दोघांना लोडिंगला, म्हणजे नुसते जॉब चढवा-उतरवायला.

कारखान्यांना सवलती देणाऱ्या राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेच्या फाइलला स्थानिकांचा हिशेब लागतो: पर्यवेक्षकांत ५० टक्के, इतरांत ८० टक्के, स्थानिक म्हणजे राज्यात १५ वर्षं राहिलेला. अट रास्तच आहे. पण त्या यादीत सेटर एक डोकं, लोडरही एक डोकं. बिडकीनला कारखाना काढण्याच्या टोयोटाच्या करारातले ८,००० रोजगारही असेच डोकी मोजून सांगितले जातात.

शिकाऊ उमेदवाराच्या विद्यावेतनात केंद्राचा वाटा २५ टक्के, महिन्याला कमाल १,५०० रुपये. आमच्या व्हीएमसीचा तास ४०० ते ५०० रुपयांचा. अर्ध्या तासाचं सेटिंग शिकाऊ पोरगा तीन तास घेतो, म्हणजे दोन सेटिंगमध्येच ते पैसे संपले. म्हणून छोटा कारखानदार त्याला वर्षभर बर (कापलेल्या कडेवरची धारदार कुसळं) काढायला बसवतो.

ही मदत सेटिंगच्या तासांवर द्यावी. जॉब कार्डवर, म्हणजे प्रत्येक कामाच्या नोंदपत्रावर, तो वेळ आम्ही तसाही लिहितोच.