कोणतं मशीन देऊ?

रुग्णालयातली उपकरणं दुरुस्त करण्यात माझं आयुष्य गेलं, म्हणून ओळखीचे लोक हमखास विचारतात, "गरीब भागातल्या आरोग्य केंद्राला काहीतरी द्यायचंय. कोणतं मशीन देऊ?"

तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. मशीन ठरवण्याआधी ते ज्या प्लगला लागणार आहे, त्याची चौकशी करा.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरच घ्या. तो खोलीतली हवा ओढतो, तिच्यातला नायट्रोजन आतल्या झिओलाइट नावाच्या सच्छिद्र दाण्यांमध्ये अडकवतो आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास शुद्ध ऑक्सिजन सोडतो. न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्या बाळाचा जीव त्यावर तगतो. पण वीज गेली की ऑक्सिजन थांबला. व्होल्टेज खालीवर झालं की कॉम्प्रेसर जळतो. धुळीनं फिल्टर तुंबतो, ओलाव्यानं झिओलाइट निकामी होतं. मग यंत्र घुरघुरत राहतं, नळीतून मात्र जवळपास साधीच हवा येते. मला याचीच सर्वांत जास्त भीती वाटते. बंद पडलेलं यंत्र निदान कळतं तरी.

एका केंद्रात असे दोन कॉन्सन्ट्रेटर मी तपासले. दोन्ही सुरू होते, पुरेसा ऑक्सिजन एकातूनही येत नव्हता. सिस्टर नुसत्या बघत राहिल्या. मोजायचं साधनच त्यांना कुणी दिलं नव्हतं.

हे एकाच ठिकाणचं दुखणं नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १६ गरीब देशांतल्या एक लाखाहून अधिक उपकरणांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यातली जवळपास ४० टक्के बंद होती. आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे १०० कोटी लोकांचा दवाखाना असा आहे, जिथे वीज एकतर नाही किंवा भरवशाची नाही. तिथेच बाळंतपणं होतात, रात्रीसुद्धा.

तेव्हा स्टॅबिलायझर द्या, बॅटरी द्या, सुटे भाग द्या, ऑक्सिजन मोजायचं छोटं यंत्र द्या. जमलं तर दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा दोन वर्षांचा पगार द्या. त्यासाठी पैसे देणारा क्वचितच भेटतो, आणि माझ्या अनुभवात खरी गरज त्याचीच असते.

ते दोन्ही कॉन्सन्ट्रेटर सुटे भाग बदलल्यावर पुन्हा नीट चालू लागले. सिस्टर आता दर शनिवारी फिल्टर धुऊन वाळवतात, ऑक्सिजन मोजून आकडा वहीत लिहितात आणि त्या पानाचा फोटो मला पाठवतात.