पोहता येत नाही, मग स्नॉर्कलिंग करावं का? (तुम्ही विचारलंत म्हणून)

मालदीवचे स्नॉर्कलिंगचे (म्हणजे मास्क लावून, तोंडात पाइप धरून, पाण्यावर पालथं तरंगत खालचे मासे बघायचे) फोटो टाकल्यापासून हा प्रश्न ऑफिसात, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, अगदी नणंदेच्या सासूबाईंकडूनसुद्धा आलाय, आणि त्याला जोडून दुसरा, "तिथे शार्क नाही का गं येत?" तर येतात. छोटे, काळ्या टोकाच्या परांचे, किनाऱ्यालगत कमी पाण्यात फिरत असतात आणि आपण जवळ गेलो की तेच पळतात. त्यांचं टेन्शन सोडा. टेन्शन घ्यायचं ते श्वासाचं आणि करंटचं, म्हणजे समुद्राच्या प्रवाहाचं.

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी पहिलं स्नॉर्कलिंग मालवणला केलेलं असतं, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ. तिथे बोटवाला मास्क चढवून देतो, एक पोरगा आपल्यासोबत पाण्यात उतरतो, आपण रिंग धरून फक्त तोंड पाण्यात घालायचं, फिरवायचं काम त्याचं आणि परत बोटीवर चढवायचंही त्याचंच. आपल्याला वाटतं, चला, आलं आपल्याला! मग मालदीवला जातो आणि तिथे बोटीवर मास्क, पाइप, फिन्सचा (पायात घालायच्या वल्ह्यांचा) ढीग पुढे करतात, मापाचं घ्या आणि मारा उडी. वीस माणसांमागे गाईड एक, आणि तो कासव दाखवायला पुढे गेलेला.

आमचं तसंच झालं. माफुशी बेटावर राहिलो होतो, तिथून बोटीने एका रीफवर, म्हणजे पाण्याखालच्या पोवळ्यांच्या खडकावर, नेलं. मी कासवाच्या मागे मागे, मान खाली, पाचेक मिनिटं झाली असतील, वर बघितलं तर धोनी (तिथे होडीला धोनीच म्हणतात, हो, आपल्या धोनीसारखंच) बोटाएवढी दिसतेय. पोहायला लागले तर जागची हलेना, खालचं तेच पोवळं तिथल्या तिथे. घाबरले, छोटे छोटे श्वास सुरू झाले, त्यात एक लाट पाइपात शिरली आणि नाकातोंडात खारट पाणी. वाचवलं ते लाइफ जॅकेटने, जे मी लाजत लाजत घातलं होतं, कारण दोन वर्षं पूलला क्लास केलाय, लोक काय म्हणतील. पाइप काढला, उताणी झाले, एक हात वर करून हलवत राहिले, पाच-सात मिनिटांत धोनी आली.

नंतर गेस्टहाऊसच्या मुलाने समजावलं. मालदीवची बेटं म्हणजे समुद्रात मांडलेल्या गोल कड्या, आणि कडीत जिथे जिथे फट आहे तिथून भरती-ओहोटीचं पाणी नदीसारखं आतबाहेर करतं. आमची बोट अशा फटीजवळच लागली होती. उतरण्याआधी मासे बघा म्हणाला, ते प्रवाहाकडे तोंड करून असतात, सगळे एकाच दिशेला तोंड करून शेपट्या हलवत जागच्या जागी असले की समजायचं करंट आहे. जाताना करंटच्या विरुद्ध जायचं म्हणजे दमल्यावर परत येताना तोच आणून सोडतो, आम्ही बरोब्बर उलटं केलं होतं. आणि ओढले गेलात तर त्याच्याशी भांडायचं नाही, आडवं कापत रीफकडे सरकायचं नाहीतर तरंगत हात वर करायचा.

आता श्वास. अमेरिकेच्या हवाई बेटांवर स्नॉर्कलिंग करतानाच्या मृत्यूंवर अभ्यास झालाय, त्यात दिसलं की कित्येकदा धडपड, आरडाओरडा काही होतच नाही, माणूस पालथा तरंगत असतो आणि बाकीच्यांना वाटतं मासे बघतोय. अरुंद पाइपातून जोर लावून श्वास ओढला की फुप्फुसात शरीरातलंच पाणी साठू शकतं असं त्यांचं म्हणणं, आणि ज्यांना हार्टचा त्रास आहे त्यांना धोका जास्त. म्हणून बीपी-हार्टवाल्यांनी आधी डॉक्टरांना विचाराच, आणि पाण्यात दम लागतोय असं वाटलं की "अजून दोन मिनिटं" करायचं नाही, पाइप काढून उताणं व्हायचं आणि बाहेर यायचं. तो पूर्ण चेहऱ्याचा मास्क मला तरी आवडत नाही, घाबरल्यावर पटकन निघत नाही. जोडीदार हाताच्या अंतरावर हवा, मागे कुठेतरी गोप्रो कॅमेरा घेऊन नको.

मास्क स्वतःचा न्या. पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवायचा, नाकाने हवा ओढायची, चिकटून राहिला तर मापाचा. आमच्या ह्यांचा काही केल्या चिकटेना, सारखं पाणी आत, शेवटी कळलं मिशी! बोटवाल्याने मिशीला व्हॅसलीन फासलं तेव्हा कुठे थांबलं, तरी मिशी काढायला माणूस तयार नाही.

बाकी, पोवळ्यावर उभं राहू नका, पाय कापतो आणि पोवळंही मरतं. पूर्ण बाह्यांचा स्विमसूट घाला नाहीतर पाठ भाजून निघते.

तर पोहता येत नसेल तरी चालेल, पण लाइफ जॅकेट घालून, किनाऱ्याजवळ, पाय टेकतील तिथे, बोटीवरून उडी नाही. येत्या मार्चमध्ये आईला घेऊन जातेय, तिला पोहण्याचा प ठाऊक नाही. डॉक्टरांनी हो म्हटलंय, मास्क आणलाय, रोज सकाळी बाथरूममध्ये बादलीत तोंड घालून पाइपने श्वास घ्यायची प्रॅक्टिस चालू आहे, आणि बाबा बाहेरून दार वाजवतात, "अगं, आहेस ना?"