तुम्ही विचारलंत म्हणून: माणसं चिडत नाहीत का?

लग्नाचा हॉल असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की जत्रा, माझं टेबल लागलं की कुणीतरी मागं उभं राहून थोडा वेळ बघतं आणि हळूच विचारतं, "ताई, नाक एवढं मोठं काढता, दात बाहेर काढता, माणसं चिडत नाहीत का?" लेकरांचे चेहरे रंगवत असले की हा प्रश्न येत नाही. अर्कचित्राचा, म्हणजे चेहऱ्यातलं वेगळेपण वाढवून काढायच्या चित्राचा, कागद पॅडला लावला की हमखास येतो.

नाही चिडत. का चिडत नाहीत ते मात्र नीट सांगायला हवं, कारण त्याच्याचसाठी मी हे काम धरून ठेवलंय.

एका अर्कचित्राला पाचेक मिनिटं लागतात. त्यातला बराच वेळ ब्रशपेन नुसताच हातात असतो, काम डोळ्यांचं चाललेलं असतं. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाक आणि वरचा ओठ यांच्यामधली जागा, जबड्याची ठेवण, कान कुठून सुरू होतात. चारचौघांपेक्षा हा चेहरा कुठं वेगळा आहे तेवढं शोधायचं आणि तो फरक वाढवायचा. नुसतं नाक वाढवून भागत नाही. एक वाढलं की दुसरं काहीतरी आवळावं लागतं, नाहीतर ओळखच जाते. म्हणजे समोरच्याकडं टक लावून बघण्यावाचून मला गत्यंतर नाही. आणि आपल्याकडच्या बाईकडं, दिवसभर रानात राबून आलेल्या माणसाकडं, इतक्या आपुलकीनं कोण बघतं? पहिलं मिनिटभर सगळेच अवघडतात. पदर सारखा करतात, मिशीवरून हात फिरवतात. मग खांदे खाली येतात, ओठ सैल पडतात. तो चेहरा मी काढते. चित्र वाकडं असलं तरी त्यात आपल्याला कुणीतरी पुरतं बघितलंय हे त्यांना कळतं. मग चिडणार कशाला?

काय वाढवायचं याला मात्र धरबंध पाहिजे. हसू, बोलताना वर जाणारी भुवई, एका बाजूला कलणारी मान, असं चेहरा स्वतः जे करतो ते वाढवावं. आजारानं किंवा अपघातानं चेहऱ्याला जे दिलं ते वाढवू नये, असं मी मानते. कॉलेजच्या मुली बसल्या बसल्या म्हणतात, "ताई, गोरी काढा हं." मी काळी रेघ आणि कोरा कागद, एवढ्यावरच काम करते. त्यात कुणी गोरं नाही, काळं नाही. तसं सांगितलं की त्या मोकळं हसतात, आणि मला हवी असलेली रेघ तिथंच मिळते.

रेघेत राग उतरला की काय होतं ते बघायचं असेल तर अजिंठ्याला सतरा नंबरच्या लेण्यात जा. तिथं विश्वंतर जातकातला, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्माच्या एका कथेतला, जूजक आहे, राजपुत्राची लेकरं दान म्हणून मागून नेणारा लोभी माणूस. पाचव्या शतकातल्या चित्रकारानं त्याला बोकडासारखी दाढी आणि असे दात दिलेत की बघणाऱ्याला त्याची किळसच यावी. कथेला ते शोभतंच. माझ्या आधी पंधराशे वर्षं आपल्याच मुलखात कुणीतरी हे काम इतकं पक्कं करून गेलं, याचा मला अभिमान वाटतो. फक्त माझ्यासमोर जूजक बसत नाही. माझ्यासमोर बसतात माणसं, आणि ती आपल्या पायानं आलेली असतात.

लेकरांचं निराळं. त्यांना दुसरं कुणीतरी व्हायचं असतं. वाघ, फुलपाखरू, स्पायडरमॅन, बहुतेकांची मागणी एवढीच. रंग त्वचेसाठीचे, पाण्यात भिजवून लावायचे. आधी मनगटावर ठिपका देऊन बघायचा. तोंडावर पुरळ किंवा जखम असली तर चित्र हातावर काढायचं. आईबापांनो, शाळेचे पोस्टर कलर लेकराच्या तोंडाला कधीही लावू नका, ते कागदासाठी असतात.

मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात माळेगावच्या खंडोबाची जत्रा भरते, जनावरांचा मोठा बाजार असतो. तिथं एक पोरगा आला आणि म्हणाला, "मला सर्जा करा."

"सर्जा कोण रे?"

"आमचा बैल."

मागून बाप म्हणाला, "यंदा इकला, ताई. तवापासून हे गोठ्याकडं बघत नाही. देवणी होता, वानेरा."

देवणी ही गायीबैलांची जात, तिच्यात रंगावरून तीन तऱ्हा. बालंक्या सगळा पांढरा, शेवरा पांढऱ्यावर काळ्या ठिपक्यांचा, आणि वानेरा अंगानं पांढरा पण तोंडाला काळा. मी स्पंजनं पांढरा हात दिला, डोळे मिटायला लावून काळा रंग घेतला. तेवढ्यात बाप उकिडवा बसला, पोराची हनवटी हातात धरली आणि सांगायला लागला. डाव्या डोळ्याखाली काळं आणखी उतरू द्या. कपाळावर इथं पांढरं सोडा. शिंगं अशी बाहेरून वर. त्याच्या बोटामागून माझा ब्रश जात होता. सर्जाला मी कधी बघितलं नव्हतं, पण तो जसाच्या तसा उमटत गेला. रंग वाळल्यावर पोरानं आरसा घेतलाच नाही. कपाळ बापाच्या पोटाला लावून जोरात ढुशी दिली. बाप हसत हसत दोन पावलं मागं गेला. "बघा, असाच मारायचा!"

आणि ती माय. फेब्रुवारीत परभणीला तुराबुल हक बाबांचा उरूस भरतो, सगळ्या जातीधर्माची माणसं येतात. एका लेकानं आपल्या म्हाताऱ्या आईला हट्टानं माझ्यासमोर बसवलं. मी सुरकुत्या भरून घेतल्या, गालाची हाडं वर काढली, बोळकं हसू तेवढं मोठं केलं. कागद तिच्या हातात दिला. तिनं तो लांब धरला, जवळ घेतला, पुन्हा लांब धरला.

"ही मी नव्हं," ती म्हणाली. लेकाचा चेहरा पडला. "ही माझी माय हाय."

तिच्या आईचा एकही फोटो कुठंच नव्हता. मी कागद परत मागितला. तिनं एकेक सांगितलं, मी काढत गेले. हनवटीवर गोंदणाचे तीन ठिपके. कानात बुगड्या. गळ्यात सरी. "कुंकू माझ्यापेक्षा मोठं, चांगलं रुपयाएवढं." पदर डोक्यावर, पण एक बट बाहेर, ती कधी आत राहायचीच नाही. लेक तोंडात बोट घालून बघत होता. आपली आजी त्यानं आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

मायनं ते चित्र गुंडाळून लेकाच्या हातात दिलं, स्टूल पुढं ओढलं आणि पुन्हा बसली.

"झालं तिचं. आता माझं काढ."