कवड्या, टँकर आणि बाहेरचा परीक्षक: गेम डिझाइन शिकतानाचा माझा अनुभव

पुण्यात सहा वर्षे सॉफ्टवेअरची नोकरी केल्यानंतर मी कोपनहेगनच्या आयटी विद्यापीठात व्हिडिओ गेमच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी गेले, तेव्हा माझी अशी समजूत होती की दोन वर्षांत गेम इंजिनावर, म्हणजे गेम बनवण्याच्या सॉफ्टवेअरवर, हात बसेल, तीन-चार गेम पूर्ण होतील आणि सिद्धांताचे जे काही पेपर असतील ते पदवीच्या ऐच्छिक विषयासारखे निभावून नेता येतील. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना डेन्मार्कमध्ये २००६पासून शुल्क भरावे लागते, त्यामुळे मी कर्ज काढूनच गेले होते आणि प्रत्येक तास हिशेबात धरत होते. तिकडे हिशेब खरोखरच तासांत मांडला जातो: पदवीसाठी १२० श्रेयांक लागतात आणि वर्षभराचे ६० श्रेयांक म्हणजे साधारण १,६५० तासांचे काम समजले जाते. यातले बरेचसे तास वाचण्यात, लिहिण्यात आणि लिहिलेल्याचा बचाव करण्यात जाणार आहेत, हे मला पहिल्या महिन्यातच कळून चुकले.

विद्यापीठाची आमागेर भागातली इमारत डॅनिश वास्तुविशारद हेनिंग लार्सन यांच्या वास्तुसंस्थेने बांधलेली आहे. मधल्या उंच मोकळ्या जागेत काचेच्या खोल्या अशा पुढे आलेल्या दिसतात, जणू कपाटाचे खण कुणीतरी अर्धवट उघडे टाकले आहेत. संगणकीय खेळांच्या संशोधनाचे केंद्र तेथे २००३मध्येच सुरू झाले होते. गेम ही एक गोष्ट मानावी की नियमांची रचना, हा वाद त्या काळी या क्षेत्रात जोरात होता आणि त्याचे पडसाद आमच्या वाचनात अजूनही उमटत असत.

सुरुवातीच्या वाचनात रॉजे कायवा या फ्रेंच लेखकाचे १९५८चे वर्गीकरण होते. स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ असे खेळांचे चार प्रकार त्याने मानले आहेत. भोवळीचे उदाहरण म्हणून वर्गातल्या इतरांनी जत्रेतले पाळणे सांगितले, मी फुगडी सांगितली. आणि ती शब्दांत नीट सांगता येईना, म्हणून एका फिनिश मैत्रिणीबरोबर पावले जुळवून, हातांची अढी घालून प्रत्यक्ष घालूनही दाखवली. सगळ्यांना ती फार आवडली. त्याच जोरावर मी निबंधात कबड्डी, सापशिडी, भातुकली आणि फुगडी अशी चारही घरे भरून टाकली आणि मला ४ गुण मिळाले. डॅनिश गुणपद्धती उणे ३पासून १२पर्यंत जाते, अधले काही आकडे तिच्यात नाहीतच, आणि २ला उत्तीर्ण होता येते. हे फोनवर समजावून सांगताना बाबांनी तीनदा विचारले की ४ म्हणजे शंभरात किती. निबंधावरचा शेरा मात्र स्पष्ट होता: खेळ कोणत्या खणात बसतो हे तुम्ही सांगितले आहे, पण तो काय करतो हे सांगितलेले नाही.

त्या शेऱ्याचा अर्थ मला डिझाइनच्या वर्गात उमगला. तिथे पहिले काही आठवडे संगणकाला हातच लावायचा नव्हता. कागद, मणी, फासे आणि कात्री एवढ्यावर काम चालायचे. मी उन्हाळ्यातल्या टँकरवर खेळ रचला: सोसायटीच्या चार इमारती म्हणजे चार खेळाडू, मधल्या वाडग्यात पाण्याचे ४८ मणी, आणि प्रत्येकाने आपल्या पाळीला वाटेल तेवढे मणी उचलायचे. खेळ कसा चालतो हे तपासताना रचणाऱ्याने मागे बसून टिपणे घ्यायची आणि काहीही झाले तरी तोंड उघडायचे नाही, असा दंडक होता. पाणी कमी आहे म्हटल्यावर जुंपणार, अशी माझी खात्री होती. चौघांनी मण्यांकडे पाहिले, पाळ्या मोजल्या, प्रत्येकी तीन-तीन ठरवून घेतले आणि दहा मिनिटांत खेळ संपवून ते कॉफी प्यायला गेले. भांडण माझ्या मनात होते, नियमांत ते कुठेच नव्हते. पुढच्या खेपेला मी इतकाच बदल केला, की प्रत्येकाने आपले मणी दुमडलेल्या कार्डाच्या आडोशाला ठेवायचे; तिसऱ्या पाळीलाच एकाने दुसऱ्याला कार्ड उचलून दाखवायला सांगितले. रचणारा नियमांपासून सुरुवात करतो आणि खेळणाऱ्याला आधी भावना भेटते, हे २००४च्या एका प्रसिद्ध लेखातले म्हणणे मी आधी वाचले होते, अधोरेखितही केले होते. समजले ते त्या दिवशी.

पुढच्या सत्रातल्या पेपरसाठी मी मोक्षपट, म्हणजे सापशिडीचे जुने रूप, निवडला. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडते, आणि त्याच शहरातल्या कोपनहेगन विद्यापीठात जेकब श्मिट-मॅडसन यांनी पश्चिम भारतातल्या या खेळाच्या परंपरेवर २०१९मध्ये पीएच.डी. केलेली आहे, हे कळल्यावर मला माहेरचे माणूस भेटल्यासारखे वाटले. नियमांच्या रचनेतूनच युक्तिवाद केला जातो, ही गेमचे अभ्यासक इयन बोगोस्ट यांची २००७मधली मांडणी मी हाताशी घेतली. माझा मुद्दा असा होता, की पटावरची अक्षरे सांगतात सद्गुणाने माणूस वर चढतो आणि दुर्गुणाने खाली येतो, पण दयेच्या घरात सोंगटी पोहोचते ती कवड्यांमुळे, खेळणारा दयाळू असल्यामुळे नव्हे. म्हणजे पट एक बोलतो आणि नियम दुसरेच बोलतात.

तोंडी परीक्षेला आमच्या शिक्षकांबरोबर बाहेरचे परीक्षकही होते. त्यांनी शांतपणे विचारले, की कवड्यांचे दान हा निव्वळ योगायोग आहे असे मूळचा खेळणारा मानत होता, हे तुम्ही कशावरून ठरवले? दान हेच पूर्वकर्माचे फळ मानले तर विसंगती उरतच नाही. मी गप्प झाले. टँकरच्या खेळात मी नियम विसरून खेळाडूंच्या मनात शिरले होते; इथे खेळाडूला बाजूला सारून नियमच वाचत बसले होते. मग आजी आठवली. सापशिडी खेळताना ९८वर साप लागला की ती ‘मागचं काहीतरी असेल’ असे पुटपुटत सोंगटी खाली आणत असे. मी तेवढेच सांगितले आणि माझा मुद्दा निम्मा मागे घेतला. गुण १० मिळाले. बाबांनी या वेळी शंभरात किती हे विचारले नाही.

शेवटच्या सत्रातला ३० श्रेयांकांचा प्रबंध त्याच प्रश्नातून निघाला. मी मोक्षपट संगणकावर आणला आणि त्यात एकच नियम वाढवला: दान पडल्यावर ते का पडले हे खेळणाऱ्याने एका ओळीत लिहायचे, त्याशिवाय सोंगटी हलणार नाही. चाचणीला बसलेल्या पहिल्या मुलाने सुरुवातीला चार वेळा फक्त ‘नशीब’ असे लिहिले. पाचव्या दानाला साप लागला तेव्हा तो बराच वेळ थांबला, आणि मग त्याने लिहिले की रविवारी आईला फोन करायचा राहिला होता.