पाच बंब आणि एक पावती

बडोद्याला पाहुणे आले की आपण त्यांना कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये नेतो. सयाजीरावांच्या काळातली, 1894 मधली इमारत. आत इजिप्तची ममी, देवमाशाचा अख्खा सांगाडा. पुण्याचे भाचे तो सांगाडा बघून गप्प होतात, एवढ्यावरच आपला पैसा वसूल. पण बडोद्यातल्या साध्या घरात अंघोळीचं पाणी कशात तापायचं, ते तिथे कळत नाही.

ते कळतं दांडिया बाजाराजवळच्या एका जुन्या वाड्यात. वारसा जपणाऱ्या हौशी मंडळींनी खालच्या तीन खोल्यांत संग्रहालय मांडलंय. मंडळी बहुतेक निवृत्त. पाटीवर वेळ दहाची, पण किल्लीवाले काका पूजा आटोपून निघतात.

हे संग्रहालय म्हणजे सगळ्या मोहल्ल्याचा माळा. वाडे पाडून फ्लॅट झाले, फ्लॅटला माळा नाही, आणि आजीची वस्तू भंगारात घालायला जीव धजत नाही. त्यामुळे तांब्याचे बंबच पाच जमलेत.

"काका, हा आमच्या आजेसासूबाईंचा. मधोमध ठेवा हं."

"काकू, मधोमध आधीच एक बसलाय."

प्रत्येक बंबाखाली देणाऱ्याचं नाव मात्र ठळक हवं. एकाने तर नावाची पितळी पट्टीच करून आणली.

कागद फारसं कुणी आणत नाही. आले तरी घरचे हिशेब मोडीत, आणि मोडी वाचणारे मंडळात दोघेच. मला मात्र तिथली एक पावती सोडवत नाही. गुजरातीत आहे, शाई तपकिरी पडलेली, चार घड्यांवर विरलेली, मधोमध तारेला टोचल्याचं भोक. मुलीला शाळेत न पाठवल्याबद्दल भरलेला दंड. सयाजीरावांनी आधी अमरेली भागात प्रयोग करून 1906 मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, हे आपण अभिमानाने सांगतो. सांगावंच. पण ऐकणाऱ्याला वाटतं, हुकूम निघाला आणि दुसऱ्या दिवशी पोरी पाट्या घेऊन रांगेत. इथे एका बापाने दंड भरला, पावती नीट तारेला लावली आणि मुलीला बहुधा घरीच ठेवलं. सरकारला किती घरांशी झगडावं लागलं असेल, ते त्या भोकातून दिसतं.

पावती देणाऱ्या पणतवाने एकच अट घातली: नाव लावू नका. म्हणून तिच्याखाली फक्त 'एका कुटुंबाकडून'.

ती खिडकीजवळच्या कोपऱ्यात आहे, उन्हात. तिला आत, मधोमध आणा, असं मी कधीचा सांगतोय. त्यासाठी बंब हलवायला हवा, बंबाला चौघं लागतात, आणि चौघं एकत्र येतात ती मंडळाच्या बैठकीलाच. बैठकीत बडोद्याचा ओलसर लिला चिवडा निघतो, मग वरच्या मजल्याची जुनी तक्रार निघते, छत गळतं ती. पावतीचा विषय गेल्या वेळी 'इतर' मध्ये होता. 'इतर' पर्यंत कोण थांबतंय!